न उठणाऱ्या गाडीचें निदान

सकाळच्या प्रहरीं एखादी मोटार दारांत अडून बसली म्हणजे तिच्याभोंवतीं चार माणसें जमतात आणि चौघांचे चार निर्णय दोन मिनिटांच्या आंत जाहीर होतात. एक म्हणतो, "बॅटरी गेली." दुसरा म्हणतो, "पेट्रोलांत पाणी असणार." तिसरा कांहीं न बोलतां बाह्या सरसावून धक्का मारावयास उभा राहतो, आणि चौथे गृहस्थ आपल्या मेहुण्याच्या गाडीस सहा वर्षांपूर्वीं काय झालें होतें ती हकीकत सांगूं लागतात. गाडीला मात्र कोणी कांहीं विचारीत नाहीं. वास्तविक त्या घोळक्यांत बोलण्याचा खरा अधिकार एकट्या गाडीचाच असतो, आणि ती बोलतही असते. किल्ली फिरविल्याबरोबर ती जो आवाज करते, किंवा जो करीत नाहीं, तेंच तिचें म्हणणें.

या सदरांत मोटारीचा विषय पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. ज्याची हयात मुलांकडून शब्दरूपें व समास घोटवून घेण्यांत गेली, त्यानें बॉनेटखालीं डोकावण्याचें कारण काय, असेंही कोणी विचारील. कारण अगदीं साधें आहे. आज मध्यम स्थितींतील पुष्कळ घरांत गाडी आहे, ती चालविणारीं माणसें घरांत तीन-चार आहेत. परंतु ती न उठली म्हणजे प्रथम काय पाहावें हें त्यांपैकीं एकासही ठाऊक नसतें. शिवाय हा प्रश्न जितका यंत्राचा, तितकाच अनुमानाचा आहे, आणि अनुमानाशीं आमचा परिचय जुना आहे.

रोग कसा ओळखावा याविषयीं आपल्या वैद्यकानें पांच साधनें सांगितलीं आहेत: निदान म्हणजे मूळ हेतु, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. माधवकराच्या 'माधवनिदाना'चा आरंभच या पंचकाच्या विवेचनानें होतो. त्यांत आम्हांला विशेष मौज वाटते ती उपशयाची. रोग स्पष्ट दिसत नसेल तेव्हां एखादें औषध, अन्न किंवा विहार देऊन पाहावा. त्यानें बरें वाटलें तर त्यावरून रोग कोणत्या जातीचा असावा हें ताडावें, असा त्याचा अर्थ. ही पांचही साधनें मोटारीस जशींच्या तशीं लागू पडतात. फक्त आरंभ रूपापासून करावा, कारण पहाटे पांच वाजतां दारांत उभ्या असलेल्या माणसाच्या हातीं तेवढेंच असतें.

पेट्रोलच्या इंजिनास उठावयाचें तर कोणी तरी तें प्रथम बाहेरून फिरवून द्यावें लागतें. एकदां फिरूं लागलें म्हणजे हवा, इंधन, योग्य क्षणीं पडणारी ठिणगी आणि सिलिंडरांतील दाब यांच्या बळावर तें पुढें आपलें आपण चालतें. हें पहिलें फिरविण्याचें काम पूर्वीं माणूस करी. ॲम्बॅसडर गाडीच्या तोंडाशीं लोखंडी हँडल घालून घामाघूम होणारे ड्रायव्हर आम्हीं लहानपणीं पाहिले आहेत. इंजिनानें उलट झटका दिला तर मनगट मोडावयाचें, म्हणून अंगठा हँडलाभोंवतीं गुंडाळूं नये असा त्यांचा दंडक असे. अमेरिकेंत कॅडिलॅक गाडीला १९१२ सालीं चार्ल्स केटरिंग याच्या योजनेचा विजेचा स्टार्टर बसला आणि ही जोखीम हळूं हळूं संपली. आपल्याकडे गॅरेजांतील मंडळी त्याला 'सेल्फ' म्हणतात. आम्हीही तोच शब्द वापरूं.

तेव्हां पहिला प्रश्न एकच. किल्ली पूर्ण फिरविल्यावर सेल्फ इंजिनाला फिरवितो, कीं फिरवीत नाहीं? या एका प्रश्नाच्या उत्तरानें अर्धी कारणें एकदम बाद होतात. इंजिन फिरतच नसेल तर पेट्रोल, प्लग, फिल्टर यांची चर्चा करणें म्हणजे नवरदेव घरांतून निघाला नसतां मंगलाष्टकांचा वाद घालण्यासारखें आहे. उलट इंजिन जोमानें फिरत असेल तर बॅटरीस दोष देणाऱ्यानें क्षणभर थांबावें. इतकें सोपें असतांही जमलेल्या चौघांपैकीं एकही हें विचारीत नाहीं याचें कारण आम्हांस वर्गांतल्या अनुभवावरून ठाऊक आहे: प्रश्न पुरता ऐकून घेण्यापूर्वीं उत्तर देण्याची संवय पहिलींत लागते ती सहसा सुटत नाहीं.

इंजिन फिरत नाहीं असें धरून चालूं. आतां गाडीचे पुढचे मोठे दिवे लावावे, कोणास तरी पुढें उभें करून त्यांकडे पाहावयास सांगावें, आणि किल्ली फिरवावी. दिवे मुळींच लागले नाहींत, तर वीज गाडींत पोंचतच नाहीं. बॅटरी साफ उतरली आहे किंवा तिच्या डोक्यावरची तार सैल झाली आहे. दिवे लागले, पण किल्ली फिरवितांच मंदावून विझूं आले आणि आंतून टकटकटक असा भराभर आवाज आला, तर बॅटरी अशक्त आहे किंवा तिच्या जोडण्यांत अडथळा आहे. हा आवाज कोठून येतो हें समजून घेण्यासारखें आहे. सेल्फच्या पाठीवर सोलेनॉइड नांवाचें विजेनें ओढलें जाणारें खटकें असतें. तें ओढलें गेलें म्हणजे 'टक्' असा आवाज होतो व सेल्फच्या मोटरीस बॅटरी जोडली जाते. मोटर त्याच क्षणीं शंभर-दोनशे अँपिअर प्रवाह मागते. दुबळ्या बॅटरीचा दाब त्या मागणीनें कोसळतो, इतका कीं तें खटकें धरून ठेवण्यापुरतीही शक्ति उरत नाहीं. खटकें सुटतें, सुटतांच मागणी थांबते, मागणी थांबतांच दाब चढतो आणि खटकें पुन्हां ओढलें जातें. तीच ही टकटक.

दिवे लख्ख राहिले, ढळलेही नाहींत, आणि एकच खणखणीत 'टक्' होऊन शांतता पसरली, तर बॅटरीला सोडून सेल्फकडे वळावें. त्याचे आंतले स्पर्शबिंदु किंवा कार्बन झिजलेले असण्याचा संभव मोठा. दिवे लख्ख आणि आवाज मुळींच नाहीं, तर किल्लीचा स्विच, रिले, फ्यूज, किंवा याहूनही साधें कांहीं. हल्लींच्या कित्येक गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ फिरूं देत नाहींत. स्वयंचलित गिअरच्या गाड्या 'पार्क' किंवा 'न्यूट्रल' यांवांचून उठत नाहींत. बटणाच्या गाडीस खिशांतील किल्लीची खूण पटावी लागते. त्या किल्लींतील नाण्याएवढा सेल संपला म्हणजे गाडी मालकास ओळखीत नाहीं. पुष्कळ गाड्यांत अशा वेळीं ती किल्लीच बटणाला टेकवून धरली तर ओळख पटते. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकांत याची जागा दिलेली असते. तें पुस्तक बहुतेक घरांत प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट अस्पर्श असतें, हा भाग निराळा.

बॅटरीच्या जोडण्यांविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण कमी खर्चांत सर्वांत अधिक यश येथें येतें. बॉनेट उघडून बॅटरीच्या दोन खुंट्या पाहाव्या. त्यांवर पांढरट-हिरवट भुकटीचे थर चढले असतील, किंवा तारेचा पट्टा हातानें हलत असेल, तर पुढें कांहीं शोधूं नये. लहानसा दिवा पेटण्यास पुरेशी वीज या थरांतून जाते, सेल्फची प्रचंड मागणी मात्र त्यांतून जात नाहीं. म्हणून दिवे लागतात आणि गाडी उठत नाहीं, असा चकविणारा प्रकार होतो. पाना घेऊन आधीं उणे चिन्हाची तार काढावी, मग अधिकाची, लावतांना उलट. हा क्रम केवळ रूढीचा नव्हे. गाडीचा सबंध लोखंडी सांगाडा उणे टोंकास जोडलेला असतो. उणे तार जोडलेली असतांना अधिक खुंटीवरचा पाना चुकून सांगाड्यास टेकला तर मोठी ठिणगी उडते व हात भाजतो. नंतर स्वयंपाकघरांतला खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून खुंट्या जुन्या दांतघासणीनें धुवाव्या, कोरड्या कराव्या, पट्टा घट्ट आवळावा व वरून व्हॅसलीनचें बोट फिरवावें. ही भुकटी आम्लयुक्त असते. डोळ्यांस चष्मा असावा व हात नंतर धुवावे.

घरांत एक साधा मल्टिमीटर असावा असें आमचें मत आहे. थर्मामीटर असतो तसा. मोटारीची नेहमींची बॅटरी शिशाच्या सहा कोठ्यांची असते. गाडी कांहीं तास बंद राहिल्यावर भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारें १२.६ व्होल्ट भरतो, १२.२ म्हणजे जवळजवळ अर्धी. १२ च्या खालीं गेली म्हणजे ती रिकामीच समजावी. सेल्फ फिरत असतांना दाब ९.६ च्या खालीं घसरूं नये. इंजिन चालू असतां बहुधा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असावा, कारण त्या वेळीं इंजिनावर फिरणारा आल्टरनेटर बॅटरी भरीत असतो. एवढे आंकडे स्वयंपाकघरांतल्या फडताळाच्या आंतल्या बाजूस लिहून ठेवले तरी पुरे.

आतां उपशय. दुसऱ्या गाडीची बॅटरी तारांनीं जोडून आपली गाडी उठवून पाहणें हा मोटारीचा उपशय होय. त्याचाही क्रम आहे: लाल तार प्रथम आजारी बॅटरीच्या अधिक खुंटीस, तिचें दुसरें टोंक निरोगी बॅटरीच्या अधिक खुंटीस, मग काळी तार निरोगी बॅटरीच्या उणे खुंटीस, आणि तिचें शेवटचें टोंक आजारी गाडीच्या बॅटरीस नव्हे, तर तिच्यापासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूस. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते, आणि बॅटरीभोंवतीं हायड्रोजन वायु सांचलेला असूं शकतो. तो पेटून बॅटरी फुटली म्हणजे आम्ल तोंडावर उडतें. विडी ओढीत हें काम करणारे वीर आम्हीं पाहिले आहेत. तारा काढतांना क्रम बरोबर उलट असावा. बंदिस्त गॅरेजांत इंजिन चालू ठेवून हें करूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

या उपचारानें गाडी तत्काळ उठली, तर काय सिद्ध झालें? येथेंच पुष्कळांचें अनुमान घसरतें. सिद्ध इतकेंच झालें कीं बॅटरी उतरलेली होती. बॅटरी खराब आहे हें सिद्ध झालें नाहीं. उतरलेली बॅटरी हें कार्य आहे. त्याचें कारण बॅटरीचें म्हातारपण असेल, आल्टरनेटर तिला भरीत नसेल, किंवा गाडी उभी असतांना कोणी तरी गुपचूप वीज पीत असेल. नैयायिक अशा हेतूस सव्यभिचार म्हणतात. साध्य जेथें नाहीं तेथेंही जो हेतु आढळतो, त्यावरून साध्य सिद्ध होत नाहीं. उतरलेपणा धडधाकट बॅटरींतही आढळतो. हा विचार ग्रंथांतच राहिला असता तर आम्ही त्याचा येथें उल्लेख केला नसता. परंतु या एका हेत्वाभासापायीं आमच्या घरावर मोठा प्रसंग आला.

आमच्या थोरल्या वहिनींस मूत्रपिंडाचा विकार आहे. सोमवारीं व गुरुवारीं पहाटे त्यांस डायलिसिससाठीं न्यावें लागतें. रुग्णालय सहा किलोमीटरांवर. घरची लहान गाडी मुख्यतः याच कामाची. मधल्या दिवसांत ती आच्छादन घालून उभी असते. एका सोमवारीं ती उठली नाहीं. रिक्षा मिळाली, वेळ निभावली. मेकॅनिकनें येऊन बॅटरी उतरल्याचें दाखविलें व नवी बसविली. दोन आठवड्यांनीं पुन्हां तोच प्रकार; या वेळीं आल्टरनेटर बदलला. मग महिनाभर सर्व सुरळीत चाललें. जुलै महिन्यांतल्या एका सोमवारीं पहाटे मुसळधार पाऊस, रस्त्यावर वाहन नाहीं, फोनवरून बोलाविलेलें येईना, आणि गाडी टकटक करीत बसली. वहिनींची ती पाळी चुकली. दुसऱ्या दिवशीं रात्रीं त्यांना धाप लागली, आडवें पडवेना, अंगांत सांचलेलें पाणी फुप्फुसांत उतरूं लागलें होतें. रुग्णवाहिका आली तेव्हां त्यांचीं बोटें निळीं पडलीं होतीं. चार दिवसांनीं त्या घरीं आल्या, हें ईश्वरी कृपेचें व तेथील परिचारिकांच्या तत्परतेचें फळ.

मेकॅनिक आला व आतां सेल्फ बदलूं म्हणाला. तो माणूस लबाड नव्हता, हें येथें स्पष्ट लिहितों. त्याला समोर दिसलें त्यावर तो बोलत होता. परंतु आमच्या धाकट्या सूनबाई दारांत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मामंजी, गाडी तीनही वेळां सोमवारींच कां अडली? गुरुवारीं एकदांही नाहीं."

प्रश्न ऐकून आम्हीं मेकॅनिकास चहा देऊन परत पाठविलें. सोमवार दुपारपासून गुरुवार पहाटेपर्यंत गाडी तीन रात्री उभी असते. गुरुवारपासून सोमवारपर्यंत चार. जो महिना निर्वेध गेला, त्या महिन्यांत आमचा पुतण्या रजेवर आला होता व गाडी रोज फिरत होती. म्हणजे जेथें दीर्घ मुक्काम तेथें दोष, जेथें मुक्काम नाहीं तेथें दोष नाहीं. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही हजर. आल्टरनेटर निकामी असता तर रोज चालणारी गाडी आधीं बंद पडली असती. त्या गुरुवारीं रुग्णालयांतून परत आल्यावर आम्हीं बॅटरीची उणे तार काढून ठेवविली. सोमवारीं पहाटे ती जोडली, किल्ली फिरविली, आणि गाडी पहिल्या हांकेस उठली. चार रात्री वीज बॅटरींत जशीच्या तशी राहिली होती. तेव्हां बॅटरी निर्दोष, आणि पिणारा गाडींतच.

पुढचें काम सूनबाईंनीं केलें. मल्टिमीटर अँपिअरच्या जागेवर लावून त्यांनीं तो उणे खुंटी व उणे तार यांच्यामध्यें जोडला. (असा मीटर जोडलेला असतांना सेल्फ कदापि मारूं नये, मीटरचा फ्यूज तत्काळ जातो.) गाडी कुलूप लावून अर्धा तास तशीच ठेविली, कारण हल्लींच्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक मंडळी झोपीं जावयास तेवढा वेळ घेतात. त्यानंतर प्रवाह ०.०५ अँपिअरच्या आंत यावयास हवा. तो ०.३ वर स्थिर होता. आंकडा क्षुल्लक दिसतो. परंतु दिवसाचे चोवीस तास धरले तर सात अँपिअर-तासांहून अधिक वीज रोज जाते, आणि आमची बॅटरी सगळी मिळून ३५ अँपिअर-तासांची. तीन दिवसांत बाविसाच्या आसपास जाऊन कशीबशी पुरेशी उरे. चौथ्या दिवशीं उरत नसे. शिवाय सहा किलोमीटर जाऊन येण्यांत गेलेली वीज भरून निघत नाहीं. गुरुवार व सोमवार यांचा उलगडा झाला.

मग एकेक फ्यूज उपटून मीटरकडे पाहणें सुरू झालें. आंतील दिव्यांचा फ्यूज काढतांच कांटा खालीं आला. गाडींतले दिवे तर सगळे विझलेले दिसत होते! सूनबाईंनीं आपला मोबाइल चित्रीकरण चालू करून डिकींत ठेविला, झांकण लावलें, आणि मिनिटभरानें काढून आम्हांस दाखविला. झांकण बंद झाल्यावरही डिकींतला दिवा तसाच जळत होता. झांकणानें दाबला जाणारा प्लॅस्टिकचा खुंट तुटला होता. तो बदलावयास पन्नास रुपये देखील लागले नाहींत. बंद पेटींतल्या दिव्यानें एक बॅटरी, एक आल्टरनेटर आणि वहिनींचे चार दिवस घेतले. त्या दिवसापासून घरांत नियम झाला आहे कीं गाडी कशीही असो, रविवारीं रात्रीं ती एकदां चालू करून पाहावी, आणि रिक्षावाल्याचा दूरध्वनि क्रमांक दाराच्या आंतल्या बाजूस लावलेला असावा.

आतां दुसरी शाखा: इंजिन नेहमींच्या जोमानें फिरतें, पण पेट घेत नाहीं. येथें किल्ली पहिल्या टप्प्यावर फिरवून थांबावें आणि कान द्यावा. मागच्या बाजूनें, टांकीच्या रोखानें, दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकूं यावी. तो पेट्रोलचा पंप. ती नसेल तर पंप, त्याचा फ्यूज किंवा रिले पाहावा. आपल्याकडे सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत हा दोष विशेष आढळतो. यांतील पुष्कळ गाड्या उठतात पेट्रोलवर आणि मग गॅसवर जातात. मालक पेट्रोल वांचविण्यासाठीं टांकी तळाशीं ठेवतो. पंप त्याच टांकींत बुडालेला असतो व पेट्रोलनेंच थंड राहतो. कोरडा पडला म्हणजे तापून जळतो. शेकड्यांची बचत हजारांत परत द्यावी लागते. टांकी पाव तरी भरलेली असावी.

डॅशबोर्डावर किल्लीचें किंवा कुलुपाचें चित्र लुकलुकत असेल, तर गाडीनें किल्लीस ओळखलेलें नाहीं. घरांतली दुसरी किल्ली आणून पाहावी. डिझेलच्या गाडींत ठिणगी नसतेच, हवेच्या दाबानें उत्पन्न झालेल्या उष्णतेवर काम चालतें. म्हणून थंडीच्या दिवसांत तारेच्या वेटोळ्याचें चित्र विझेपर्यंत धीर धरावा व मगच किल्ली फिरवावी. डिझेलची टांकी पार कोरडी झाली असेल तर नुसतें इंधन भरून भागत नाहीं, नळींत शिरलेली हवा काढावी लागते. आणि डिझेलच्या टांकींत पंपावर चुकून पेट्रोल पडलें असें लक्षांत आलें, तर किल्लीस हात देखील लावूं नये. गाडी ढकलून बाजूस घ्यावी व टांकी रिकामी करवावी.

सेल्फ एका दमांत दहा सेकंदांपेक्षां अधिक मारूं नये, आणि मध्यें अर्धा-एक मिनिट विसावा द्यावा. नाहीं तर पेट्रोलचा दोष शोधतां शोधतां बॅटरी व सेल्फ दोन्ही हातचीं जातात. धक्का मारून गाडी उठविण्याची आपली जुनी पद्धत हातानें गिअर बदलावयाच्या गाडीपुरतीच खरी. स्वयंचलित गाडीस कितीही हात लागले तरी उपयोग नाहीं. उतारावरून सोडतांना हेंही ध्यानांत असावें कीं इंजिन चालू होईपर्यंत ब्रेक व चाक दोन्ही जड असतात.

दोन प्रसंगीं मात्र पुन्हां पुन्हां किल्ली फिरविणें म्हणजे इंजिनाचा घात करणें होय. इंजिन फिरतें, पण नेहमींचा धडधडता ताल जाऊन आवाज हलका, एकसारखा व फार जलद येतो, तर आंतील टायमिंगचा पट्टा तुटला असण्याची शंका घ्यावी. दट्ट्ये व झडपा यांचा मेळ सुटलेला असतो, आणि कित्येक इंजिनांत ते एकमेकांवर आपटतात. दुसरा प्रसंग पुराचा. २०१९ च्या ऑगस्टांत आणि पुन्हां २०२१ च्या जुलैंत सांगलींत कृष्णेचें पाणी घरांत शिरलें, तेव्हां दारांतल्या गाड्या बुडाल्या. अशी गाडी पाणी ओसरल्यावर बाहेरून कोरडी ठणठणीत दिसते. पण सिलिंडरांत पाणी राहिलें असेल तर तें हवेसारखें दाबलें जात नाहीं. सेल्फच्या जोरानें दट्ट्या वर आला कीं जोडदांडा वांकतो. पाणी हवेच्या नळीपर्यंत चढलें होतें अशी शंका जरी असली, तरी गाडी ओढून गॅरेजांत न्यावी व प्लग काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय फिरवूं देऊं नये.

मूळ हेतु शोधतांना काल काय घडलें हें विचारावें, कारण आजचा दोष पुष्कळदां कालच्या कृत्यांत असतो. नवीन वाद्ययंत्र बसविलें काय? इंजिन पाण्याच्या फवाऱ्यानें धुतलें काय? गाडी आठ दिवस उभी होती काय? २०२० च्या टाळेबंदींत उभ्या राहिलेल्या कितीतरी बॅटऱ्या पुन्हां भरल्या गेल्या नाहींत, त्याचें कारण हेंच. रिकामी राहिलेल्या बॅटरीच्या पत्र्यांवर शिशाचे क्षार घट्ट बसतात. आणि बॉनेट उघडल्यावर लेंड्या व कुरतडलेल्या तारा दिसल्या, तर तें गणपतीच्या वाहनानें आपल्या वाहनाशीं केलेलें वर्तन होय. उबेसाठीं उंदीर रात्रीं इंजिनावर येऊन बसतात. पूर्वरूपें तर बहुधा असतातच: सकाळचा सेल्फ आठवडाभर जड फिरत असतो, इंजिन चालू होतांना दिवे पूर्वींपेक्षां अधिक मंदावतात. आपल्या उष्ण हवेंत बॅटरी तीन ते पांच वर्षांपलीकडे सहसा जात नाहीं. बसविल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवावी.

आमचे एक स्नेही नुकतीच विजेची गाडी घेऊन या सर्व काळजींतून मोकळे झाल्याचें सांगत होते. त्यांस पेट्रोल, ठिणगी व सेल्फ यांची चिंता उरली नाहीं हें खरें. परंतु त्यांच्या गाडींतही चाकें फिरविणाऱ्या मोठ्या बॅटरीखेरीज बारा व्होल्टची एक लहान बॅटरी असते, आणि कुलुपें, पडदे व मोठ्या बॅटरीस जोडणारें खटकें हें सर्व तिच्याच जिवावर चालतें. ती उतरली म्हणजे मोठी बॅटरी कांठोकांठ भरलेली असूनही गाडी तयार होत नाहीं. त्यांनींही डिकीचा दिवा एकदां पाहून घ्यावा.